मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग : न मिटलेला हिशेब

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग चांगला की वाईट, हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. शुक्रवारी संध्याकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभे राहून त्याला शिव्या घालणारा माणूसही रविवारी परतताना त्याच रस्त्याने येतो. वाद आहेत ते वेगळे. हा रस्ता बांधायला लागलेले पैसे वसूल झाले का, झाले असतील तर टोल का चालू आहे, इथे माणसे का मरतात, घाटात गाड्या का तुंबतात आणि तुंबतात म्हणून आणखी मार्गिका वाढवायच्या का? पंचवीस वर्षांत या प्रश्नांवर भरपूर लिहिले-बोलले गेले आहे. पण बहुतेक वेळा एकेका प्रश्नावर सुटेसुटे. ते एकत्र मांडले की त्यांची मुळे एकाच जमिनीत दिसू लागतात. या लेखात तो प्रयत्न आहे.

घाटाची जुनी अडचण

मुंबई आणि पुणे यांच्यातले खरे अंतर मैलांचे कधीच नव्हते, ते बोरघाटाचे होते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, या घाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. १८६३ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाट चढला. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा आणि घाटातले त्याचे देऊळ आजही आहे. ट्रकचालक जाता जाता तिथे नाणे टाकतात. कथा कितपत इतिहास आहे हे सोडून देऊ, पण घाटाची वाट काढणे हे किती मोठे काम मानले गेले, याची ती खूण आहे.

पुढे मुंबई-पुण्याचा प्रवास म्हणजे मुख्यतः रेल्वे. १९३० पासून डेक्कन क्वीन ही केवळ गाडी राहिली नाही, तो रोजच्या प्रवाशांचा एक समाजच झाला. रस्त्याचे काम राष्ट्रीय महामार्ग चारकडे होते आणि ऐंशीच्या दशकापर्यंत त्याला ते झेपेनासे झाले. पिंपरी-चिंचवडचे कारखाने वाढले, न्हावा-शेव्याला १९८९ मध्ये बंदर सुरू झाले आणि घाटाच्या वळणांवर एक ट्रक बंद पडला की दोन्ही बाजूंना काही किलोमीटरची रांग लागे. प्रवासाला चार-पाच तास धरावे लागत. सहा तास लागले तरी कोणाला नवल वाटत नसे.

स्वतंत्र मार्गाची शक्यता तपासण्याचे काम १९९० च्या सुमारास ‘राइट्स’ ही सरकारी सल्लागार संस्था आणि ब्रिटनची स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिक यांच्याकडे गेले. १९९४ च्या अहवालात अंदाजे खर्च ११४६ कोटी रुपये धरला होता. प्रत्यक्ष हालचाल झाली ती १९९५ नंतर, युती सरकारच्या काळात. नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी हा प्रकल्प ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर तीस वर्षांसाठी त्याच्याकडे सोपवला गेला. रिलायन्सची ३६०० कोटींची निविदा आपण नाकारली आणि तोच रस्ता निम्म्याहून कमी पैशांत करून दाखवला, ही हकिगत गडकरी यांनी नंतर असंख्य व्यासपीठांवर सांगितली आहे. काम १९९८ मध्ये सुरू झाले, २००० पासून टप्प्याटप्प्याने रस्ता खुला होत गेला आणि २००२ मध्ये तो पूर्णपणे वापरात आला. खर्च सुमारे १६३० कोटी. कळंबोली ते किवळे असा ९४.५ किलोमीटरचा, सहा पदरी, काँक्रीटचा आणि दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला हा मार्ग. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि पादचारी यांना बंदी. अशा पद्धतीचा हा देशातला पहिला रस्ता होता. २००९ मध्ये त्याला यशवंतराव चव्हाणांचे नाव दिले गेले, पण बोलण्यात तो ‘एक्स्प्रेसवे’च राहिला.

या यशाचा एक परिणाम रस्त्याबाहेरचाही आहे. सरकारी महामंडळ कर्जरोख्यांतून पैसे उभे करून मोठा रस्ता वेळेत बांधू शकते, हे महाराष्ट्राने इथे पाहिले. पुढे समृद्धी महामार्गापर्यंतच्या प्रकल्पांना जो राजकीय आत्मविश्वास लागला, तो इथूनच आला.

अर्धवट राहिलेला तुकडा

एका गोष्टीचा मात्र त्या वेळच्या कौतुकात फारसा उच्चार झाला नाही. घाटात हा मार्ग स्वतंत्र नव्हता. खंडाळ्याच्या आसपास जुना महामार्ग आणि नवा मार्ग एकत्र येतात, काही अंतर एकच रस्ता वापरतात आणि खाली खोपोलीकडे पुन्हा वेगळे होतात. द्रुतगती मार्गाच्या सहा मार्गिका आणि जुन्या महामार्गाच्या चार, अशा दहा मार्गिकांची वाहतूक सहांत शिरते. ही मांडणी महामंडळाचीच आहे, टीकाकारांची नाही. म्हणजे ज्या अडचणीसाठी नवा रस्ता हवा होता, ती अडचणच तेवढी जुन्या रस्त्याबरोबर वाटून घेतली गेली. खर्च, वनजमीन आणि वेळ यांचा विचार करता तेव्हा दुसरा पर्याय नव्हता, असे बचावात म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. पण पुढच्या बहुतेक वादांची सुरुवात याच तुकड्यातून होते.

घाटातला ‘अमृतांजन पूल’ हे त्याचे लहानसे उदाहरण. रेल्वेच्या जुन्या मार्गावरचा, जाहिरातीच्या फलकावरून नाव पडलेला हा दगडी पूल नेमक्या अरुंद वळणावर होता. तो पाडावा की वारसा म्हणून ठेवावा, यावर वर्षानुवर्षे चर्चा चालली. शेवटी एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो स्फोटकांनी पाडला गेला. वाहतूक थांबवायला महामारी लागली.

टोल : वसुली की उत्पन्न?

सगळ्यात जुना, सगळ्यात आकडेबहुल आणि सगळ्यात कमी समजून घेतलेला वाद टोलचा आहे.

२००४ मध्ये महामंडळाने द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग या दोन्हींवरील वसुलीचा हक्क आयआरबी समूहाच्या म्हैसकर इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीला पंधरा वर्षांसाठी दिला. त्या बदल्यात ९१८ कोटी रुपये एकरकमी मिळाले. देखभाल कंपनीने करायची, दर तीन वर्षांनी टोल १८ टक्क्यांनी वाढणार, ही वाढ अधिसूचनेतच ठरलेली. त्यामुळे दरवाढीचा निर्णय कोणत्याच मंत्र्याला नव्याने घ्यावा लागत नाही. ती आपोआप होते आणि दर वेळी लोक आश्चर्य व्यक्त करतात. मोटारीचा एकेरी टोल २०१७ मध्ये २३०, २०२० मध्ये २७० आणि २०२३ मध्ये ३२० रुपये झाला.

पुण्या-मुंबईतल्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी, त्यांत सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर यांचे नाव ठळक, वाहनसंख्येचे आणि वसुलीचे आकडे मिळवून एक साधा युक्तिवाद केला. करारात पंधरा वर्षांत द्रुतगती मार्गावरून २८६९ कोटी रुपये जमतील असे गृहीत धरले होते. ती रक्कम मुदतीच्या बरीच आधी, २०१६ च्या अखेरीच्या सुमारास, जमली. मग उरलेल्या काळातली वसुली कशासाठी? निदान लहान वाहनांना तरी सूट द्यावी. प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. वाहने कमी मोजली जातात, असाही आरोप कार्यकर्त्यांनी केला.

सरकार आणि कंपनी यांची बाजूही नीट पाहिली पाहिजे. करारातला आकडा हा अंदाज आहे, मर्यादा नाही, असे तिचे सार. वाहतूक कमी झाली असती तर तोटा कंपनीने सोसला असता, मग वाढली तर नफाही तिचाच. मुदतीआधी टोल बंद केला तर नुकसानभरपाई द्यावी लागेल आणि ती करदात्यांच्या पैशातून जाईल, म्हणजे जे या रस्त्यावर कधी आले नाहीत त्यांच्याही. करारशास्त्राच्या दृष्टीने हे म्हणणे पक्के आहे. पण असा करार करताना वाहतुकीचा अंदाज इतका कमी का धरला गेला आणि ठराविक रकमेपलीकडच्या उत्पन्नात राज्याचा वाटा का ठेवला गेला नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये करार संपला. टोल संपला नाही. २०२० मध्ये आयआरबीच्याच दुसऱ्या कंपनीला एप्रिल २०३० पर्यंतचा हक्क मिळाला, या वेळी ८२६२ कोटींना. ९१८ आणि ८२६२ हे दोन आकडे शेजारी ठेवले की टीकाकार आणि समर्थक दोघेही आपापला निष्कर्ष काढतात. टीकाकार म्हणतात, पहिल्या वेळी रस्ता कवडीमोलाने गेला. समर्थक म्हणतात, वाढलेली किंमत ही रस्त्याच्या यशाची आणि महामंडळाला आलेल्या शहाणपणाची पावती आहे. मधल्या काळात वाहतूक, दर आणि बाजारातले व्याज हे सगळेच बदलले होते, हे दोघेही घाईत विसरतात.

माझ्या मते या वादातले खरे वळण आकड्यांत नाही. पहिल्या कराराच्या वेळी टोल म्हणजे बांधकामखर्चाची परतफेड, असे सर्वांना सांगितले गेले. दुसऱ्या कराराच्या वेळी तो महामंडळाच्या पुढच्या कामांसाठी भांडवल उभे करण्याचा मार्ग झाला होता. धोरण म्हणून हे समर्थनीय असू शकते, जगात अनेक ठिकाणी असे चालते. मात्र हा बदल विधिमंडळात किंवा लोकांपुढे धोरण म्हणून कधी ठळकपणे मांडला गेला नाही, तो करारांच्या तपशिलातून घडला. मे २०१५ मध्ये राज्याने बारा टोलनाके कायमचे बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलकी वाहने टोलमुक्त झाली. दोन्ही वेळा द्रुतगती मार्ग बाहेरच राहिला. जुन्या महामार्गावर सोमाटणेच्या नाक्याविरुद्ध तळेगावकरांनी केलेले आंदोलन हा याच प्रश्नाचा स्थानिक चेहरा. पर्यायी रस्त्यावरही टोल असेल तर पर्याय कुठला, असे ते विचारतात.

माणसे का मरतात

फेब्रुवारी २००१ मध्ये भाताण बोगद्याजवळ अभिनेत्री भक्ती बर्वे यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा रस्ता पुरता खुलाही नव्हता. डिसेंबर २०१२ मध्ये उर्से टोलनाक्याजवळ अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये राजकीय नेते विनायक मेटे. नावाजलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर चर्चा उसळते, उपाय जाहीर होतात आणि काही दिवसांनी बातमी आतल्या पानावर जाते. त्यातले काही उपाय प्रत्यक्षात आलेही. २०१२ च्या अपघातात समोरून येणारे वाहन दुभाजक ओलांडून आले होते. त्यानंतर दुभाजकात पोलादी दोरांचे ब्रायफेन अडथळे बसवण्याच्या मागणीने जोर धरला आणि ते टप्प्याटप्प्याने बसले. मेटे यांच्या मृत्यूनंतर मार्गिकेची शिस्त आणि तातडीची मदत हे विषय पुढे आले. अपघातग्रस्तांसाठी ओझर्डे इथले ट्रॉमा केंद्र मात्र रस्ता खुला झाल्यावरही कित्येक वर्षे रखडले होते.

कारणांबाबत दोन मते आहेत. महामार्ग पोलीस आणि परिवहन विभाग यांचा भर चालकाच्या चुकीवर. वेग, मार्गिका कापणे, उजव्या मार्गिकेतून रेंगाळणारे कंटेनर, कडेला बेकायदा उभी वाहने, पहाटेची डुलकी. मूळ वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर होती, पुढे मोटारींसाठी सपाटीवर १०० झाली. ती पाळणारा चालक इथे अडथळा समजला जातो, हे कोणीही सांगेल. या मताचा शेवट यंत्रणेत झाला : जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांवर चालणारी ‘इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम’ सुरू झाली आणि ई-चलानांचा पाऊस पडला. मालवाहतूकदारांच्या संघटना त्यावर नाराज आहेत. घाट उतरताना अवजड वाहनांची मर्यादा अव्यवहार्य आहे आणि एकाच फेरीत अनेक दंड बसतात, अशी त्यांची तक्रार.

दुसरे मत रस्त्याकडे बोट दाखवते. माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मृत्यू का असावी, असा त्याचा प्रश्न. २०१६ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशनने महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांच्यासह ‘झिरो फेटॅलिटी कॉरिडॉर’ हा उपक्रम सुरू केला. प्रत्येक गंभीर अपघाताची जागेवर जाऊन तपासणी करायची आणि तिथली उघडी टोके, बिनकठड्याचे खांब, तुटलेले अडथळे दुरुस्त करायचे, अशी ही पद्धत. उभ्या वाहनाला मागून धडकून होणारे मृत्यू हा त्यात वारंवार आढळलेला प्रकार. २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते, २०२० मध्ये ६६. हा फरक उपक्रमाच्या बाजूचा भक्कम पुरावा म्हणून दिला जातो. २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते, हे लक्षात घेऊनच तो वाचायला हवा. तरीही आधीच्या दोन-तीन वर्षांतही घट दिसत होती, म्हणून सगळे श्रेय टाळेबंदीला देणेही बरोबर नाही.

काँक्रीटमुळे टायर फुटतात, हे तिसरे, लोकप्रिय मत. झिजलेले किंवा कमी हवेचे टायर, जादा भार आणि तासन्‌तासचा वेग एकत्र आले की टायर तापून फुटतो, हे खरे. एकटे काँक्रीट त्याला जबाबदार आहे, हे सिद्ध झालेले नाही. टोलनाक्यांलगतच्या टायरवाल्यांचा धंदा मात्र या समजुतीवर छान चालतो.

घाटातले धोके या चर्चेत वेगळे काढावे लागतात. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून जीव गेले, त्यानंतर कड्यांवर पोलादी जाळ्या आल्या. २०२३ च्या पावसाळ्यात तिथेच पुन्हा दरड आली. त्याच वर्षी जूनमध्ये घाटात रसायनाचा टँकर पेटून चौघांचा बळी गेला आणि रस्ता काही तास बंद राहिला. ज्वालाग्राही मालाची वाहने कोणत्या वेळी आणि कोणत्या रस्त्याने सोडावीत, हा प्रश्न दर अशा घटनेनंतर निघतो आणि तिथेच राहतो.

मावळाची बाजू

या रस्त्याचा आढावा शहरांच्या बाजूनेच घेतला जातो. पनवेल, खालापूर आणि मावळ तालुक्यांतल्या ज्या गावांच्या शिवारातून तो गेला, त्यांच्यासाठी तो ओलांडता न येणारा कुंपणाचा पट्टा आहे. शेत एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला, मध्ये मोजके भुयारी मार्ग आणि पावसाळ्यात त्यांत साचणारे पाणी. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा तेव्हा यायचा होता. मोबदला जुन्या पद्धतीने ठरला आणि रस्ता झाल्यावर शेजारच्या जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले. ज्यांची जमीन रस्त्यात गेली त्यांना या वाढीतला वाटा मिळाला नाही, ज्यांची शेजारी राहिली त्यांना मिळाला, तोही बऱ्याचदा दलालाच्या हातून. फार्महाउस, ‘सेकंड होम’च्या वसाहती, तळेगाव-चाकणचे वाहन उद्योग, हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी, या सगळ्यांना रस्त्याने बळ दिले. किती बळ रस्त्याचे आणि किती उदारीकरणाच्या लाटेचे, हे वेगळे काढणे अवघड आहे. दोन्ही एकाच दशकात आले.

९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या विरोधात मावळातल्या शेतकऱ्यांनी बऊरजवळ द्रुतगती मार्ग रोखला. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. वाद पाण्याचा होता, रस्त्याचा नव्हता. पण आपले म्हणणे मुंबई-पुण्याला ऐकू जावे म्हणून त्यांनी निवडलेली जागा हा रस्ता होती. रस्त्यावरच्या लिखाणात या घटनेला क्वचितच जागा मिळते.

आणखी मार्गिका?

अर्धवट राहिलेल्या तुकड्यावरचे उत्तर म्हणजे ‘मिसिंग लिंक’. खोपोलीजवळून कुसगावपर्यंत १३.३ किलोमीटरचा नवा रस्ता, त्यात दोन बोगदे, मोठा बोगदा जवळजवळ नऊ किलोमीटरचा, लोणावळ्याच्या तलावाच्या खालून जाणारा, आणि दरीवर केबलच्या आधारावरचा उंच पूल. अंतर सुमारे सहा किलोमीटरने आणि वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी कमी होईल, असा महामंडळाचा दावा. खर्च ६६९५ कोटींच्या घरात, म्हणजे मूळ अख्ख्या रस्त्याच्या चौपट. महागाई वजा केली तरी घाट तेव्हा का टाळला गेला, हे यावरून कळते. काम २०१९ मध्ये सुरू झाले. २०२४ ची मुदत गेली, २०२५ चीही गेली. दरीतला वारा, पाऊस आणि कामाची उंची ही कारणे दिली गेली, आणि तो पूल ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती सबब वाटणार नाहीत.

यापुढचा वाद रुंदीकरणाचा. महामंडळाने आधी आठ पदरांचा आणि अलीकडे दहा पदरांचा प्रस्ताव मांडला आहे. समर्थकांचे गणित सरळ आहे : वाहने रस्त्याच्या क्षमतेबाहेर गेली आहेत, अटल सेतूमुळे मुंबईची बाजू मोकळी झाली, आता मधला भाग रुंद केला नाही तर कोंडी पुढे सरकेल एवढेच. वाहतूक नियोजनातले दुसरे मत असे की नवी जागा नवी वाहने बोलावते. स्वतःच्या मोटारीने ये-जा करणे परवडू लागले, म्हणून रेल्वेचा प्रवासी रस्त्यावर आला. रस्ता वाढवला की आणखी येईल. त्यांच्या मते लोणावळा-पुणे रेल्वेच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकांवर आणि शिवनेरीसारख्या बससेवेवर खर्च केलेला रुपया जास्त माणसे नेईल. या पर्यायांकडे शासनाचे लक्ष मात्र लहरीपणे गेले. २०१८ मध्ये पुणे-मुंबई हायपरलूपचा सामंजस्य करार गाजावाजा करून झाला, २०२३ च्या अखेरीस ती कंपनीच बंद झाली. मधल्या वर्षांत डेक्कन क्वीनचा वेळ मिनिटांनीच हलला.

दोन्ही बाजूंकडे या रस्त्यापुरता निर्णायक पुरावा नाही. ‘मिसिंग लिंक’ पूर्ण क्षमतेने चालून काही पावसाळे आणि दिवाळीच्या काही सुट्या गेल्यावर घाटातली कोंडी सुटली की किवळे आणि कळंबोलीला जाऊन बसली, हे मोजता येईल. त्याआधी रुंदीकरणाच्या निविदा काढल्या, तर ते मोजमाप कधीच होणार नाही. पर्यावरणाची बाजूही अशीच अर्धी आहे. मार्ग सह्याद्रीच्या ऐन अंगातून जातो, पण वन्यजीवांच्या हालचालीवर आणि डोंगरातल्या पाण्याच्या वाटांवर पंचवीस वर्षांत काय परिणाम झाला, याची सार्वजनिक चर्चा परवानग्यांच्या कागदांपलीकडे फारशी गेलेली नाही.

चालू करार ३० एप्रिल २०३० ला संपतो. त्याआधी शासनाला काही गोष्टी ठरवाव्या लागतील. टोल चालू ठेवायचा तर तो कशासाठी : कर्जफेडीसाठी, देखभालीसाठी की दुसऱ्या रस्त्यांसाठी. ‘मिसिंग लिंक’चा खर्च याच वसुलीत धरायचा का. ठराविक रकमेपलीकडच्या उत्पन्नात राज्याचा वाटा असेल का, आणि वाहनसंख्या मोजण्याचे काम वसुली करणाऱ्याकडेच राहील की त्रयस्थाकडे जाईल. फास्टॅगमुळे आता प्रत्येक वाहनाची नोंद होतेच, त्यामुळे रोजचा आकडा जाहीर करायला तांत्रिक अडचण उरलेली नाही.